मोरचूद, चुना आणि माझी वेबसाइट: चौदा महिन्यांचा अनुभव

मोर्शी तालुक्यात, अप्पर वर्धा धरणाच्या बाजूच्या एका गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. घरची साडेतीन एकर संत्र्याची बाग. गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी मी वेबसाइट सुरू केली. आता ऑक्टोबर सरत आला, म्हणजे चौदा महिने झाले. एवढ्या दिवसांत आधी ब्लॉगर, मग स्वस्तातलं होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) घेऊन वर्डप्रेस आणि शेवटी परत ब्लॉगर अशी फेरी मारून झाली. दुकानात येणारी पोरं काउंटरवर हात टेकवून विचारतात, "दादा, वेबसाइट काढाची हाय, किती लागतात?" त्यांना जे तुकड्यातुकड्यानं सांगतो, ते इथे एका जागी लिहून ठेवतो.

पहिलं उत्तर: शून्य रुपये लागतात. ब्लॉगर ही गुगलची सेवा आहे. ती 1999 साली निघाली आणि 2003 मध्ये गुगलनं विकत घेतली. जीमेलचं खातं असलं की दहा मिनिटांत ब्लॉग उघडतो. पत्त्याच्या शेवटी ब्लॉगस्पॉट लागतं, एवढंच. मी सुरुवात तशीच केली. सगळं लिखाण फोनवर, कारण दुकानातला कॉम्प्युटर लोकांच्या फॉर्ममध्ये अडकलेला आणि संध्याकाळी लाइनचा भरवसा नाही.

आता खरी चूक सांगतो. पहिले तीन महिने मी योजनांवर लिहिलं. सातबारा कसा काढावा, ई-पीक पाहणी कशी करावी, अमुक अनुदानाची शेवटची तारीख. दुकानात रोज तेच काम, तर म्हटलं आपल्याला सगळं पाठ आहे. पाठ होतंच: डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो, ई-पीक पाहणी ॲप 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर आहे. पण ही माहिती सरकारी संकेतस्थळावर असते, पेपरात येते आणि माझ्यासारख्याच असंख्य दुकानदारांच्या ब्लॉगवरही असते. माझं सव्विसावं पान लोकांनी कशाला उघडावं? त्यातली निम्मी पानं तर मी दुसरीकडून उचलून दोन शब्द इकडेतिकडे करून लिहिली होती. तीन महिन्यांत आलेले वाचक म्हणजे मी, माझा भाचा आणि कोण जाणे कुठून आलेले दोघंतिघं.

मग व्हिडिओ बघून बघून डोक्यात शिरलं की ब्लॉगर पोरखेळ आहे, वर्डप्रेसच पाहिजे. इथे नवीन माणसाचा एक घोळ होतो, माझाही झाला. वर्डप्रेस नावाचं वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, 2003 पासून आहे, पण ते ठेवायला जागा भाड्यानं घ्यावी लागते. आणि वर्डप्रेस डॉट कॉम ही त्याच नावाची वेगळी सेवा आहे. सॉफ्टवेअर फुकट ऐकून मी उडी मारली आणि भाड्याचं नंतर कळलं. डिसेंबरात एका कंपनीची "महिना 69 रुपये" अशी जाहिरात पाहिली. 69 रुपयांचा भाव चार वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्याला होता. मी एक वर्षाचं घेतलं तर महिन्याचा दर दुपटीच्या वर गेला, त्यावर जीएसटी वेगळा. आणि नूतनीकरणाचा दर कुठे होता? पानाच्या तळाशी, करड्या रंगात, तिप्पट. पैसे भरताना खरेदीच्या यादीत न मागितलेल्या दोन गोष्टी आपोआप टाकलेल्या होत्या, त्या खुणा काढायच्या राहिल्या असत्या तर अजून हजारभर गेले असते. कंपनीचं नाव लिहीत नाही. सगळ्यांची तऱ्हा थोडीफार हीच दिसली. घेणाऱ्यानं पहिल्या वर्षाचा दर सोडून दुसऱ्या वर्षाचा पाहावा.

वर्डप्रेस वाईट नाही. पण त्याला सांभाळावं लागतं, गाईसारखं. रोज काहीतरी अपडेट. फुकटचे अकरा प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचे छोटे प्रोग्राम) मी हौसेनं टाकले, त्यातला एक अपडेट झाला आणि सगळी साइट पांढरीफट. बॅकअप घेतलेला नव्हता. दोन रात्री त्यात गेल्या, बागेत पाण्याची पाळी असताना. शिवाय साइट उघडायला इतका वेळ घ्यायची की शेतात दोन काड्यांच्या रेंजवर कोणी थांबणार नाही. त्यात होस्टिंगपेक्षा माझा दोष जास्त होता: फोनमधले चार-चार एमबीचे फोटो मी तसेच चढवत होतो. आता प्रत्येक फोटो बाराशे पिक्सेल रुंदीचा आणि दीडशे केबीच्या आत करूनच टाकतो. गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स हे फुकटचं साधन आहे, त्यात पत्ता टाकला की पानाची मुख्य गोष्ट दिसायला किती वेळ लागतो ते कळतं. अडीच सेकंदांच्या आत असेल तर चांगलं धरतात. माझं सुरुवातीला अकरावर होतं.

मार्चमध्ये परत ब्लॉगरवर आलो. एकोणीस पानं हातानं हलवली, बाकीची योजनांची सरळ उडवली. डोमेन, म्हणजे साइटचं स्वतःचं नाव, मात्र ठेवलं. माझ्या मते पैसे घालायचे तर त्यावरच घालावे. डॉट इनचं नाव पहिल्या वर्षी साडेचारशेच्या आसपास पडलं, दुसऱ्या वर्षी आठशेच्या वर सांगतात. ब्लॉगरला स्वतःचं नाव जोडायचा वेगळा पैसा नाही आणि https चा सुरक्षित पत्ताही फुकटात मिळतो. नाव जोडताना डीएनएस नावाच्या ठिकाणी (नाव कुठल्या साइटकडे न्यायचं ते तिथे लिहितात) सीनेम आणि ए अशा नोंदी भराव्या लागतात. ब्लॉगर जे दाखवतं ते अक्षर न् अक्षर उतरवायचं आणि रात्रभर वाट पाहायची. मी दर दहा मिनिटांनी बदल करत बसलो आणि स्वतःच घोळ वाढवला. आणखी एक: डोमेन आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर असलं पाहिजे. "मी काढून देतो" म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या खात्यावर घ्याल, तर उद्या तो फोन उचलणार नाही. देवनागरीत डॉट भारत असंही नाव 2014 पासून मिळतं. माझा जीव त्यावर फार होता, पण आमच्याकडची माणसं पत्ता टाकताना इंग्रजी अक्षरंच दाबतात, म्हणून सोडलं.

मराठीत लिहिणाऱ्याला लागणाऱ्या तीन गोष्टी मला कोणत्याच व्हिडिओत सापडल्या नाहीत, त्या सांगतो. एक, डीटीपीवाल्याकडचा जुन्या फॉन्टमधला मजकूर वेबवर चालत नाही. मोर्शीच्या मित्रानं बागेच्या माहितीपत्रकाची फाइल दिली, ती चिकटवली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि खुणांची खिचडी. युनिकोडमध्येच टाइप केलेलं पाहिजे. मी बोलून टाइप करतो, पण "मोरचूद"चं (म्हणजे कॉपर सल्फेट, झाडाच्या खोडाला लावायचं) फोन "मोर चूप" करतो, म्हणून नंतर वाचावंच लागतं. दोन, "शेतकऱ्यांना" मधला ऱ्य. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला सारखाच, पण यंत्राला दोन वेगळे शब्द. एकच तऱ्हा धरून ठेवावी, नाहीतर स्वतःच्याच पानात शोधलं तर सापडत नाही. तीन, पानाचा पत्ता. पत्त्यात मराठी अक्षरं ठेवली तर व्हॉट्सॲपवर टक्केवारीच्या खुणांची माळ होऊन जाते. "संत्रा" एवढासा शब्द 54 अक्षरांचा होतो. ब्लॉगरवर मराठी शीर्षक दिलं आणि पत्ता आपण भरला नाही तर तो नुसता ब्लॉग-पोस्ट आणि पुढे आकडा असा तयार होतो. प्रकाशित झाल्यावर सरळ बदलता येत नाही. म्हणून उजवीकडे पर्मालिंकमध्ये (पानाच्या पत्त्याचा रकाना) जाऊन इंग्रजी अक्षरांत दोन-तीन शब्द आधीच लिहायचे. माझी पहिली तीस पानं तशीच गेली.

आता "गुगलवर येते कशी?" हा प्रश्न. उत्तर: सर्च कन्सोल. आपली साइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच साधन, फुकट आहे. आपली साइट आपलीच आहे हे तिथे सिद्ध करायचं, साइटमॅप (पानांची यादी) द्यायचा आणि थांबायचं. माझी काही पानं दीड महिना "सापडलं, पण अजून सूचीत नाही" अशा अवस्थेत पडून होती. त्याच सुमारास फेसबुकवर एकानं सहाशे रुपयांत हजार बॅकलिंक (दुसऱ्या साइटींवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका) देतो म्हटलं आणि मी दिले सहाशे. जुगाराच्या परदेशी साइटींवर माझं नाव लागलं, वाचक एकही नाही. गुगलच्या नियमात विकतच्या लिंका बसत नाहीत हे मी पैसे गेल्यावर वाचलं. सोबतीला व्हॉट्सॲपचा मारा सुरू होता. दिसेल त्या ग्रुपमध्ये लिंक टाकायची. दोन ग्रुपमधून काढलं, एका ठिकाणी काकांनी सर्वांदेखत लिहिलं, "हे जाहिरातीचं गटार नाही." बरोबर होतं त्यांचं.

सर्च कन्सोलचा खरा उपयोग मला एप्रिलमध्ये कळला. बागेतल्या डिंक्यावर (खोडातून डिंक गळायचा रोग) मी एक पान लिहिलं होतं. शीर्षक फार ऐटीत: "बोर्डो पेस्ट तयार करण्याची शास्त्रोक्त पद्धत". चाळिसाव्या-पन्नासाव्या नंबरवर लोळत होतं. एक दिवस शेजारचे नानाजी दुकानात आले. त्यांचा नातू माझी साइट फोनवर दाखवायचा. म्हणाले, "काहून गा, मोरचूद न् चुना किती टाका लागते, ते तुह्या साइटीवर हाय का?" मी म्हटलं आहे ना नानाजी, बोर्डो पेस्ट. ते म्हणाले, "ते काय असते?" बोर्डो लावून ज्यांची बाग पन्नास वर्षं जगली, त्यांना बोर्डो हा शब्द माहीत नव्हता! त्या रात्री कन्सोलमध्ये क्वेरीची यादी उघडली. लोक टाइप करत होते "मोरचूद चुना प्रमाण", "संत्रा झाडातून डिंक येते उपाय", काहीजण हेच इंग्रजी अक्षरांत. एकानंही "शास्त्रोक्त" लिहिलेलं नव्हतं.

मी शीर्षक बदललं: "संत्र्याच्या खोडाला मोरचूद-चुना: किती, कसा, केव्हा". पहिल्याच ओळीत उत्तर दिलं: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मग खालची कथा: दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजवायचे, लोखंडाच्या नाही. मिसळल्यावर लोखंडी विळा बुडवून पाहायचा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना अजून हवा. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर असं दोनदा, जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत. हे नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या शिफारशींशी ताडून घेतलं. फोटो माझ्याच झाडांचे, विळाही घरचाच. तीन आठवड्यांत ते पान गुगलच्या पहिल्या पानावर आलं. मे महिन्यात त्या एकट्या पानावर 640 क्लिक. बाकी सगळी साइट मिळून दीडशे.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. काउंटरवर कोणी काही विचारलं की त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहायचे. "ताण किती दिस द्याचा", "मृग फुटला नाही तं काय कराव" (ताण म्हणजे बहरासाठी झाडाचं पाणी तोडणं, मृग म्हणजे पावसाळ्यातला बहर). पान लिहिताना शीर्षकात तेच शब्द, आत प्रमाण मराठी. दर सोमवारी कन्सोलची यादी पाहायची (तिथे पक्के आकडे दोन-तीन दिवस उशिरा येतात, रोज पाहण्यात अर्थ नाही). महिन्याला चार पानं, त्यापेक्षा जास्त मला जमत नाहीत. लिंक आता मी फक्त त्यालाच पाठवतो ज्यानं विचारलं. तो पुढे पाठवतो ते मी पाठवण्यापेक्षा जास्त चालतं.

पैशाचं विचारल्याशिवाय कोणी दुकानातून जात नाही, तर तेही. ॲडसेन्स म्हणजे साइटवर जाहिराती लावून पैसे देणारी गुगलची सेवा, तिच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. माझा पहिला अर्ज नाकारला गेला आणि तो उचललेल्या योजनांच्या पानांमुळेच, त्यात माझं काही म्हणणं नाही. ती पानं काढल्यावर जूनमध्ये मंजूर झाला. 10 डॉलर झाले की सहा आकडी पिनचं पत्र साध्या टपालानं घरी येतं. पत्ता टाकताना पोस्ट, तालुका, पिनकोड नीट लिहा. आमच्या पोस्टमननं ते "परदेशी पाकीट" म्हणून सगळ्यांना दाखवत आणलं. पैसे खात्यात यायला 100 डॉलर व्हावे लागतात आणि मी अजून त्याच्या निम्म्यावरही नाही. भाच्यानं कौतुकानं चार फोनवरून जाहिराती दाबल्या होत्या, त्याला रागावलो. स्वतःच्या किंवा घरच्यांच्या क्लिकवर खातं बंद होऊ शकतं.

सहा महिन्यांत नोकरी सोडायचा ज्याचा विचार असेल त्यानं यात पडू नये. दुकान असणाऱ्याला, बाग असणाऱ्याला, ज्याच्याकडे लोक तसंही काही विचारायला येतात त्याला ब्लॉगर आणि स्वतःचं एक नाव एवढं पुरतं. वर्डप्रेसकडे मी परत जाईन की नाही? दोनशे पानं झाली, दुकानातला ऑर्डरचा फॉर्म जोडावासा वाटला, तर जाईनही. आज गरज दिसत नाही.

डिसेंबरात डोमेन भरायचं आहे, दोन वर्षांचं एकदम भरणार. होस्टिंगवाल्यांचा फोन अजून येतो, "सर, तुमची सेवा संपते आहे." पाऊस उघडल्यापासून मोरचुदाचं पान परत वर चढतंय. काल एकट्या त्यावर 41 क्लिक होते. माझ्या स्वतःच्या बागेतली खोडं मात्र अजून रंगवायची राहिली आहेत.