अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांसाठी दुबई की अबू धाबी?

मुंबईहून न्यूयॉर्क किंवा शिकागोला पहिल्यांदाच निघालेल्या वडीलधाऱ्यांसाठी एमिरेट्सने दुबईमार्गे जावे की एतिहादने अबू धाबीमार्गे, हा प्रश्न केवळ तिकिटाच्या दराने सोडवू नये.

अबू धाबीचा मोठा फायदा म्हणजे तेथे 2014 पासून अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम्स तपासणी विमानात बसण्यापूर्वीच होते. त्यामुळे चौदा तासांच्या आसपासच्या प्रवासानंतर, पाय सुजलेले आणि झोप अपुरी असताना, अमेरिकेतील लांबलचक रांगेत उभे राहावे लागत नाही; देशांतर्गत विमानाने आल्याप्रमाणे सरळ बाहेर पडता येते. मात्र या तपासणीआधी सुरक्षातपासणी पुन्हा होते, म्हणून दोन विमानांमध्ये किमान तीन तास तरी असावेत, असे माझे ठाम मत आहे.

दुबईत ही सोय नाही. तेथील टर्मिनल 3 अवाढव्य असून काही गेटांसाठी आतल्या आत ट्रेनने जावे लागते; गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवावी. पण एमिरेट्सची विमाने सॅन फ्रान्सिस्को, सिएटल, ह्यूस्टन अशा अनेक शहरांना थेट जातात. मुले तिकडे राहत असतील, तर अमेरिकेत आणखी एक विमान बदलण्यापेक्षा दुबईच बरी.

शाकाहारी किंवा जैन जेवण दोन्हीकडे मिळते, परंतु ते आधी नोंदवावे लागते.