असरचं वाचन-पत्रक: गावाला चालतं, एकट्या पोराला जपून

एक पान, चार पातळ्या (अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट), एका मुलामागे पाच-सात मिनिटं आणि खर्च फक्त झेरॉक्सचा. 'प्रथम' ही शिक्षणात काम करणारी स्वयंसेवी संस्था. गावातल्या मुलांना किती वाचता येतं, गणित येतं ते घरोघर जाऊन पाहणाऱ्या तिच्या असर सर्वेक्षणातलं हे मराठी वाचन-पत्रक २००५ पासून गावोगाव फिरतंय. आता ते सर्वेक्षणापुरतं राहिलेलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा, गावातल्या अभ्यासिका, बी.एड.चे प्रकल्प, सगळीकडे तेच पान दिसतं. जिनिंगच्या वजनकाट्यावर कापसाची गाडी बरोबर तोलली जाते, पण त्या काट्यावर कोणी अंगठी ठेवत नाही. या पत्रकाबाबत नेमकी ती चूक होते: गावासाठीच्या मापावर एकटं पोर तोललं जातं.

आधी वापर. सुरुवात परिच्छेदापासून करायची, अक्षरांपासून नाही. परिच्छेद पहिलीच्या पातळीचा, चार सोप्या वाक्यांचा. मूल तो वाक्यासारखा, सलग आणि तीनपेक्षा जास्त चुका न करता वाचत असेल तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यायची. अडलं तर शब्दांकडे यायचं: कोणतेही पाच, त्यांतले चार बरोबर हवेत. शब्द जमले तर परिच्छेदाची आणखी एक संधी. शब्दही जमले नाहीत तर अक्षरं, तिथंही पाचांत चार. जिथं गाडी थांबते तो मुलाचा स्तर. ही उतरती रचना हुशारीची आहे. वाचता येणाऱ्या पोराला 'क, म, ल' म्हणायला लावून वेळ जात नाही, आणि न येणाऱ्याचा शेवट त्याला जमणाऱ्या पायरीवर होतो.

आता कच्चा दुवा. पाचांत चार हा नियम फार तोकडा आहे. समजा एखाद्या मुलाला अशा सोप्या शब्दांतले ६० टक्केच वाचता येतात. केवळ योगायोगानं त्याचे पाचांत चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता जवळजवळ ३४ टक्के, म्हणजे अशा तीन पोरांतलं एक वरच्या पातळीत बसतं. उलट ८० टक्के शब्द येणाऱ्या मुलाची घसरण्याची शक्यता २६ टक्के. तोच नियम दहांत आठ केला की ६० टक्केवाल्याची वर चढण्याची शक्यता १७ टक्क्यांवर येते, म्हणजे निम्मी. ९० टक्के येणाऱ्याला काहीच तोटा नाही, त्याचं ९२-९३ टक्के कायम राहतं. प्रश्न वाढले की विश्वसनीयता (पुन्हा तपासलं तरी तोच निकाल येणं) वाढते हे डी.एड.च्या पुस्तकात असतंच, इथं ते बोटावर मोजून दाखवता येतं. पत्रकावर दहा शब्द छापलेलेच आहेत. शाळेत वापरणार असाल तर दहाही वाचून घ्या, एक मिनिट जास्त लागेल. दुसरी गोष्ट, 'कोणतेही पाच' मूल स्वतः निवडतं तेव्हा ते सोपेच निवडतं. ही त्रुटी मात्र योगायोगाची नाही, ती दर वेळी एकाच बाजूला झुकते, त्यामुळे कितीही मुलं तपासली तरी सरासरीत जिरत नाही. दहा वाचून घेतले की हीही निघून जाते.

सगळ्यात मोठी त्रुटी पानावर नाही, ऐकणाऱ्याच्या कानात आहे. 'सलग' म्हणजे किती सलग, हे प्रत्येक जण आपल्या परीनं ठरवतो. पत्रकाला घड्याळ नाही. एकाला अडखळत वाटलेलं दुसऱ्याला चाललेलं असतं. हे तपासायला दोघांनी शेजारी बसून, एकमेकांचा कागद न बघता, तीच ४० मुलं ऐकावीत. समजा १८ मुलांना दोघंही 'गोष्ट जमली' म्हणतात, १४ ना दोघंही 'नाही' म्हणतात आणि ८ मुलांवर मतं फुटतात: पाचांना फक्त पहिला पास करतो, तिघांना फक्त दुसरा. एकमत ८० टक्के, ऐकायला छान. पण पहिल्यानं एकूण २३ पास केलेत, दुसऱ्यानं २१. दोघांनी डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी एवढ्या प्रमाणावर ५० टक्के एकमत झालंच असतं. ते वजा केल्यावर उरतो कोहेनचा कॅप्पा, म्हणजे योगायोगापलीकडचं एकमत मोजणारा आकडा (पूर्ण एकमताला १), इथं सुमारे ०.६०. कामचलाऊ. केंद्रस्तरावरच्या (शाळांच्या गटाच्या) अहवालात नुसतं 'एकमत ८० टक्के' दिसलं की हा हिशेब मागावा. आकडा कमी आला तर मुलं पुन्हा तपासत बसू नका. फुटलेली आठ मुलं समोर ठेवून 'सलग'ची व्याख्या दोघांनी मिळून लिहून काढा, म्हणजे पुढचा आकडा आपसूक सुधारतो.

आणि कान वऱ्हाडी हवा. आपल्याकडचं पोर 'शाळा' पाहून 'शाया' म्हणतं, 'डोळा' पाहून 'डोया', 'पाणी' पाहून 'पानी'. ही वाचनाची चूक नाही, बोली आहे. घरी आजी तेच बोलते. बाहेरून आलेला तपासनीस इथं चुका मोजत बसला तर तीन चुकांची मर्यादा परिच्छेदातच संपते आणि चांगलं वाचणारं पोर शब्दांवर येऊन थांबतं. शंका आली तर सोपा उपाय आहे. 'ळ' आणि 'य' शेजारी लिहून दाखवा. दोन्ही वेगळी ओळखली तर वाचन ठीक आहे, जीभ वऱ्हाडी आहे, पुढं चला. दोन्ही एकच वाटली तरच अक्षराची अडचण. हा नियम तपासणीआधी लिहून ठेवायचा, मुलागणिक बदलायचा नाही.

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, यवतमाळच्या झरी-पांढरकवडा भागात कोलामी घरात असेल तर मामला उलटा होतो. मूल गोष्ट घडाघडा वाचतं आणि तिच्यात काय झालं ते सांगू शकत नाही. स्तर ठरवताना आकलनाचे प्रश्न मोजले जात नाहीत, म्हणून पत्रक त्याला सर्वात वरचा स्तर देऊन मोकळं होतं. इथं विश्वसनीयता भरपूर आणि सप्रमाणता कमी: रोज तोच निकाल येईल, फक्त तो दुसऱ्याच गोष्टीचा असेल. गोष्टीनंतर दोन साधे प्रश्न विचारा, उत्तर मुलाच्या भाषेत चालू द्या, आणि नोंद वेगळ्या रकान्यात करा. स्तरात मिसळली तर बाकी गावांशी तुलना तुटते.

झेरॉक्सच्या झेरॉक्सवर दोन शब्द. तिसऱ्या पिढीच्या प्रतीत पहिला जातो अनुस्वार, मग वेलांटी. 'शिंग'चं 'शिग' झालं की चूक मशीनची, गुण पोराचे कटतात. लॅमिनेशन केलंत तर ओट्यावरच्या उन्हात पान चकाकतं, सावलीत बसवा. आणि गर्दी! एक पोर वाचायला बसलं की भवताली सात-आठ जमतात, कोणीतरी मागून 'वाच ना बे' म्हणत शब्द सांगतंच. तिसऱ्या पोरापर्यंत गोष्ट अर्ध्या मोहल्ल्याला पाठ झालेली असते. सर्वेक्षणात म्हणूनच पत्रकाचे चार वेगवेगळे नमुने असतात. ते चारही छापून घ्या, ओळीनं फिरवा, आणि कोणत्या मुलाला कोणता नमुना दिला त्याचा क्रमांक लिहा. पुढच्या वेळी दुसरा द्यायचा असतो.

'पुढच्या वेळी'वरून सर्वाधिक फसगत होते. जून अखेरीस शाळा उघडल्यावर तपासणी, खालच्या दोन स्तरांतली मुलं वेगळी काढून वर्ग, पोळ्यानंतर पुन्हा तपासणी, आणि इतकी मुलं वर चढली म्हणून फोटो. खाली पडलेल्यांत काही मुलं त्या दिवशी नशिबानंच पडलेली असतात: ताप होता, बुजली, लांब सुट्टीनंतरचा पहिला आठवडा होता. काहीही न शिकवता त्यांतली काही दुसऱ्या वेळी वर येणारच. वर्गाचं खरं फळ पाहायचं असेल तर निवड एका तपासणीवर करा आणि तुलनेचा आधार म्हणून वर्ग सुरू होण्याआधी, दुसऱ्या नमुन्यावर, आणखी एक तपासणी घ्या. दोन तपासण्यांमधल्या दिवसांत आपोआप चढलेली मुलं तिथंच गळून पडतात.

पटसंख्याही विसरू नका. बारा मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे ८.३ टक्के. गेल्या वर्षी ५० टक्के, यंदा ५८ टक्के, याचा अर्थ एक पोर. असर स्वतः एका जिल्ह्यात ३० गावं आणि गावामागे २० घरं घेतं, आकडा जिल्ह्याचा सांगतं, गावाचा सांगत नाही. ती शिस्त शाळेच्या फलकावर 'आमची प्रगती' रंगवणाऱ्यांनीही पाळावी.

घड्याळ लावून शब्द मोजण्याशी तुलना केली तर? निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या लक्ष्यांत दुसरीला मिनिटाला ४५ ते ६०, तिसरीला किमान ६० शब्द धरलेत. त्यात 'सलग'चं भांडण मिटतं, पण ४४ आणि ४५ मधला फरक खरा मानण्याचं नवं खूळ लागतं. घड्याळ तीन सेकंद उशिरा दाबलं की ४५ चे ४७ होतात. वर्गातल्या रोजच्या कामासाठी असरचं पान बरं, तिमाहीत एकदा घड्याळ.

गणिताचं पान याच धर्तीचं, मात्र तिथं कानाचा प्रश्न जवळजवळ नाही: हातच्याची वजाबाकी बरोबर किंवा चूक. म्हणून ते जास्त भरवशाचं.

आता पत्रकाला माझे गुण: गावाच्या आढाव्यासाठी पाचांत साडेचार. वर्गात गट पाडायला, दहा शब्द आणि दोन तपासण्या करत असाल तर, चार. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात कायमचा शेरा लिहायला दीड. असरच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. छापताना पान लहान करून बसवण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर अक्षर बारीक होतं.