एटिमोटिक ईआर२०एक्सएस : बँड पूर्ण ऐकायचा आणि कानही राखायचे

फोमची बुचं कानात घालून बँड ऐकला की तो शेजारच्या घरात वाजतोय असं वाटतं. गायकाचे शब्द विरतात, झांज नाहीशी होते, उरतो तो बेसचा धबधबा. मग दुसऱ्या गाण्यालाच लोक ती काढून खिशात टाकतात. एटिमोटिक कंपनीचे ईआर२०एक्सएस इअरप्लग याच तक्रारीवर बनवलेले आहेत. गोव्यात वर्षभर जे काही मोठ्याने वाजतं, त्यातल्या बहुतेक ठिकाणी आमची पहिली शिफारस यांनाच आहे. मात्र ते नीट बसवता आले पाहिजेत. वाईट बसवलेला महागडा इअरप्लग नीट बसवलेल्या साध्या फोमपुढे हरतो.

आधी यात वेगळं काय आहे ते पाहू. कानाची नळी पाव्यासारखी स्वतःच घुमते आणि २,७०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज बराच वाढवून पडद्यापर्यंत पोचवते. शब्दांतली धार, ट्रम्पेटची चकाकी, गिटारच्या तारेवरचा नखाचा स्पर्श, हे सगळं त्याच भागात असतं. नळीत बूच घातलं की हे घुमणं बंद पडतं. त्यात फोम मुळातच वरचे स्वर खालच्यांपेक्षा जास्त खातो. ईआर२०एक्सएसच्या आतल्या बारीक पोकळीत आणि गाळणीत ही हरवलेली वाढ परत आणण्याची सोय आहे. त्यामुळे आवाज वरपासून खालपर्यंत साधारण सारखाच उतरतो, एखाद्याने मिक्सरवरचा मुख्य फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढावा तसा. अगदी वरच्या पट्टीत थोडी जास्त घट होते. झांजेचा शेवटचा शिडकावा जरा पुसट वाटतो, हा दोष मान्य करायला हवा. पण चौथ्या-पाचव्या मिनिटाला मेंदूला सवय होते आणि बेस गिटार व किक ड्रम हे दोन वेगळे आवाज आहेत हे उघड्या कानापेक्षा स्वच्छ कळू लागतं. अति मोठ्या आवाजात कान स्वतःच विकृत ऐकतो, हे त्यामागचं कारण.

डब्यावर दोन आकडे दिसतील, २० डेसिबल आणि एनआरआर (नॉइज रिडक्शन रेटिंग, म्हणजे आवाज किती घटतो त्याचा आकडा) १३. यात फसवणूक नाही. नीट बसल्यावर साधारण २० डेसिबलची घट मिळते. एनआरआर हा अमेरिकी नियमानुसार अनेक लोकांच्या कानांवर मोजून, फरकाची सूट वजा करून काढलेला सावध आकडा असतो. हिशेब करताना आम्ही १५ धरतो. आता हा हिशेब महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या मापानुसार ८५ डेसिबल आवाजात ८ तास हा दिवसाचा कोटा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. रॉक किंवा इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात स्टेजजवळ १०० डेसिबल ही काही विशेष गोष्ट नाही. तिथे १५ डेसिबल उतरवले की आपण ८५ वर येतो आणि सगळी संध्याकाळ कोट्यात बसते.

यातच सर्वांत जास्त होणारी चूक दडली आहे. लोक दोन तास प्लग घालतात आणि आवडत्या तीन गाण्यांना काढतात. पाच-पाच मिनिटांची तीन गाणी, १०० डेसिबल, म्हणजे दिवसाचा कोटा तेवढ्यातच संपला. आधी दोन तास घेतलेल्या काळजीने ते भरून निघत नाही. आवडतं गाणं प्लग घालूनच ऐकायचं.

‘ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत ना’ असा एक समज इथे पक्का आहे. २००० सालच्या केंद्रीय नियमांत सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज किती असावा ते सांगितलं आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. ते नियम शेजारी झोपलेल्या माणसासाठी आहेत. सबवूफरपासून (बेसच्या मोठ्या स्पीकरपासून) चार मीटरवर उभ्या असलेल्या श्रोत्याचा त्यात विचार नाही. श्रोत्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये वेगळं मानक दिलं: १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको, आणि श्रोत्यांना कानाचं संरक्षण मिळण्याची सोय हवी. १९७६ मध्ये लंडनच्या चार्ल्टनला ‘द हू’ या रॉक बँडचा कार्यक्रम ३२ मीटरवर १२६ डेसिबल मोजला गेला आणि तो गिनीज विक्रम ठरला. पुढे लोक कान बिघडवून घेतील म्हणून गिनीजने हा प्रकारच बंद केला. ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ बँडचे लोक २००८ मध्ये परत वाजवू लागले तेव्हा दारातच इअरप्लग वाटत होते. एसी/डीसी बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना २०१६ मध्ये ऐकू येणं पूर्ण जाईल या भीतीने दौरा अर्धवट सोडावा लागला. कोल्डप्ले बँडचे गायक क्रिस मार्टिन कानातल्या सततच्या आवाजाबद्दल वर्षानुवर्षं उघडपणे बोलतात. २०२५ च्या जानेवारीत त्यांना ऐकायला नवी मुंबईला गेलेल्या गोव्याच्या मंडळींनी निदान हा धडा तरी सोबत आणायला हवा.

आता गोव्यात हे प्लग कुठे चालतात ते पाहू. वागातोर-हणजुणेच्या मोकळ्या मैदानांवर उत्तम. पण तिथेही उभं कुठे राहता ते तितकंच मोलाचं. मोकळ्यावर साध्या स्पीकरपासून अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे ६ डेसिबल उतरतो. टांगलेल्या लांब स्पीकर-माळेच्या जवळच्या टप्प्यात मात्र जेमतेम ३. शिवाय सबवूफर सहसा स्टेजच्या पुढे जमिनीवर मांडलेले असतात, म्हणून कठड्याला चिकटून उभे राहणारे बेस सर्वांत जास्त खातात. मिक्सिंगचं टेबल जिथे असतं, तिथल्या आसपास बँड जसा वाजवायचा ठरवला तसा ऐकू येतो. तिथे उभं राहून ईआर२०एक्सएस घातले तर याहून चांगलं ऐकणं मैदानात मिळत नाही. ताळगावच्या श्यामाप्रसाद मुखर्जी स्टेडियमसारख्या बंदिस्त, कठीण भिंतींच्या जागेत मागे जाऊन फारसा फरक पडत नाही, कारण परतून येणारा आवाज सगळीकडे भरलेला असतो. तिथे प्लगचा फायदा उलट जास्त जाणवतो.

तियात्राला (कोकणी संगीत नाटकाला) पहिल्या दोन रांगांत बसलात तर पुढ्यातच ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम असतात. कांताराचे (त्यातल्या गाण्याचे) शब्द हातचे जाऊ द्यायचे नसतात, आणि फोमने नेमके तेच जातात. इथे ईआर२०एक्सएसला तोड नाही. कोकणी संगीतकार ख्रिस पेरींच्या ब्रासवर (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांवर) आणि गायिका लॉर्नाच्या आवाजावर वाढलेल्या कानांना ट्रम्पेट बोथट झालेला खपत नाही, आणि तो होत नाही. फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) रात्रीच्या नाचाच्या बँडलाही हेच.

शिगमोच्या (गोव्यातल्या शिमग्याच्या) मिरवणुकीत मात्र हिशेब बदलतो. रोमटामेळात (ढोल-ताशांसह नाचत जाणाऱ्या पथकात) ढोल-ताशे एकदम सुरू होतात आणि ताशाचा आवाज तीक्ष्ण, टोकदार, थेट कानापाशी येतो. ताशाच्या रांगेला लागून चालायचं असेल तर फोमच वापरावा. त्यात शब्द ऐकायचे नसतात, ठेका छातीत ऐकू येतोच. नरकासुराच्या रात्री (दिवाळीच्या आदल्या रात्री) स्पीकरच्या भिंतीपुढेही फोम. ११० डेसिबलमधून १५ वजा केले तर ९५ उरतात, म्हणजे जेमतेम पाऊण तास. अशा ठिकाणी हे प्लग अपुरे आहेत हे स्पष्ट सांगायला हवं. चवथीची (गणेश चतुर्थीची) घुमट आरती हा मधला प्रकार. घुमट हे मातीचं तालवाद्य स्वतः गोड, खालच्या सुरात बोलणारं. पण बंद खोलीत कासाळं (मोठ्या झांजा) कानाशेजारी वाजतात तेव्हा त्रास त्यांचाच होतो. कासाळं वाजवणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांनी हे प्लग जरूर घालावेत. घुमटाची घुमक तशीच राहते आणि आरतीतले शब्दही सुटत नाहीत.

नाट्यगीतांच्या किंवा शास्त्रीय गायनाच्या मैफलीत यांची गरज नाही. ध्वनिसंयोजकाने स्पीकर फारच वर नेला असेल तर प्लगऐवजी चार रांगा मागे जा.

बसवण्याची पद्धत ही या वस्तूची अर्धी किंमत आहे. तीन कडांची छत्रीसारखी टोकं कानात नुसती टेकवून चालत नाही. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा बाहेरचा वरचा भाग वर आणि मागे ओढा. त्याने वाकडी नळी सरळ होते. टोक पाण्याने किंचित ओलं करा. मग उजव्या हाताने हलकं फिरवत आत सरकवा, सर्वांत बाहेरची कड नळीच्या तोंडाशी चारी बाजूंनी टेकेपर्यंत. मग तोंड मिटून ‘म्’ असा सूर धरा. दोन्ही कानांत तो सारखाच आणि डोक्याच्या मध्यात घुमला तर बसलं. एका बाजूला कमी घुमत असेल तर ती बाजू गळते आहे. फोम घातला असेल तर बँड सुरू झाल्यावर दुसरी परीक्षा घ्या: दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबा. आवाज ठळक कमी झाला तर फोम ढिला आहे.

गळतीची खूण ओळखायला शिकणं फार उपयोगाचं. फटीतून आधी खालचे स्वर शिरतात. म्हणून ‘या प्लगने बेस फार वाढतो, बाकी सगळं दबतं’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचं कारण बहुधा वस्तूत नसून मापात असतं. मोठं किंवा लहान टोक लावून बघा. दोन्ही कान एकाच मापाचे असतात असंही नाही. डावीकडे एक माप आणि उजवीकडे दुसरं चालतं. फोम वापरताना तो बोटांत सुरकुती न पडता बारीक वळा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा. बहुतेक जण पाच सेकंदांत सोडतात आणि बूच अर्धं बाहेर येतं. काढताना कुठलाही प्लग झटक्याने ओढू नका. आतली हवा पडद्याला ओढते. फिरवत, हळू काढा.

गाताना किंवा बोलताना स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, ही कुठल्याही बुचाची अडचण. खोल बसवलं तर ती घटते, जात नाही. श्रोत्याला चालतं, ट्रम्पेट वाजवणाऱ्याला किंवा गायकाला नाही. आठवड्याला दोन-तीनदा वाजवणाऱ्यांनी ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) कानाचा साचा काढून घ्यावा. १९८८ पासून मिळणाऱ्या ईआर-१५ सारख्या गाळण्या अशा साच्यात बसवता येतात. ९, १५ आणि २५ डेसिबल असे प्रकार आहेत. तोंडाने वाद्य वाजवणाऱ्याने साचा तोंड उघडं ठेवूनच घ्यायला सांगावं. जबडा हलला की नळीचा आकार बदलतो, मिटल्या तोंडाचा साचा वाजवताना गळतो.

गोव्याच्या हवेत देखभाल जरा जास्त लागते. मार्चपासून घामाने टोकं घसरतात; मध्यंतरात कान आणि टोकं कोरडी पुसून पुन्हा बसवायची. कानात तेल घालायची सवय असेल तर कार्यक्रमाच्या दिवशी नको, तेलावर कुठलीच कड टिकत नाही. धुताना टोक काढून फक्त तेवढंच कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा. स्पिरिट नको, टोकं कडक होतात. गाळणीत पाणी गेलं किंवा मळ अडकला की तो कान अचानक बंद वाटतो; तेव्हा कान बिघडला म्हणून घाबरण्याआधी दोन्ही प्लग अदलाबदल करून बघा. दोष प्लगबरोबर दुसऱ्या कानाला गेला तर गाळणी तुंबली आहे. पावसाळ्यात ओलसर प्लग डबीत बंद ठेवले तर बुरशी धरते आणि ती कानात जाते. रात्रभर उघड्यावर सुकवायचे, मग डबीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवायचे. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, कानात मळ घट्ट बसला असेल तर आधी डॉक्टर. आपले प्लग दुसऱ्याला द्यायचे नाहीत. लहान मुलांच्या कानात ही मापं बसत नाहीत. त्यांना कान झाकणारे इअरमफ घाला.

मोबाइलवर आवाज मोजायचा असेल तर आयफोनवर नायॉशचं मोफत अ‍ॅप बऱ्यापैकी भरवशाचं आहे. अँड्रॉइडवर माइक कंपनीगणिक वेगळा असल्याने आकडा अंदाजच समजा. मोठ्या आवाजात फोनचा माइक लवकर थकतो आणि खरा आकडा कमी दाखवतो.

खरेदी बहुधा ऑनलाइनच करावी लागते, म्हणून कार्यक्रमाच्या आदल्या आठवड्यात मागवा आणि घरी स्पीकर लावून दोन-तीनदा बसवून बघा. अंधारात, गर्दीत, पहिलं गाणं सुरू असताना ते जमत नाही. सोबतची गळ्यातली दोरी लावा. वाळूत पडलेला पारदर्शक प्लग सापडत नाही. फोम औषधाच्या दुकानात किंवा कारखान्यांना सुरक्षेचं सामान विकणाऱ्यांकडे काही रुपयांत मिळतो. त्याच्या दोन जोड्या डबीत ठेवा: एक हरवल्यास, आणि एक शेजारी उभ्या असलेल्या, दोन्ही हातांनी कान दाबून धरलेल्या माणसासाठी.