सहा नंबरचा रबरी बास्केटबॉल : मुलींच्या टीमसोबत चार महिने

जुलैत जळगावच्या नवी पेठेतून हा बॉल घेतला. सहा नंबर (म्हणजे मुलींचं माप, मुलांचा सात), रबरी, साडेआठशे रुपये. सिमेंटच्या कोर्टवर रोज दोन तास आपटून झाल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आज, चार महिन्यांनी लिहितेय. ज्यांच्या कॉलेजात मुलींची टीम आहे त्यांनी हे जरूर वाचावं.

मी पतपेढीत काम करते. पावणेसहाला कॅश जुळली की स्कूटी काढून थेट कॉलेजच्या ग्राउंडवर जाते. 1999 ते 2002 मी इथेच खेळले. आता स्कोअर लिहिते, सरांना मदत करते. मुली ताई म्हणतात.

आमच्या जिमखान्यात मुलींसाठी वेगळा बॉल कधी नव्हताच. मुलांचे सात नंबरचे बॉल गुळगुळीत झाले की ते मुलींच्या पिशवीत यायचे. मी खेळत होते तेव्हाही असंच होतं, या जूनपर्यंतही असंच होतं. गेली काही वर्षं स्पर्धेला गेलं की तिथे नियमाप्रमाणे सहा नंबरचा बॉल मिळणार. वर्षभर जड बॉलवर हात बसलेला, त्यामुळे पहिल्या हाफमध्ये आमच्या मुलींचे शॉट बोर्डवर आदळून अर्ध्या कोर्टापर्यंत परत यायचे. लोक म्हणायचे, जळगावच्या मुली बाहेर गेल्या की घाबरतात. घाबरत नव्हत्या. त्यांच्या हाताला सवयच दुसऱ्या वजनाची होती.

दुकानदार आधी म्हणाला, "ताई, आपल्याकडे सातच खपतो. सहा कोणी मागतच नाही, मागवावा लागेल." चार दिवसांनी फोन आला. खोक्यावर 6 छापलेलं, आत मात्र बॉल सातचा निघाला. तो परत केला आणि पुढच्या आठवड्यात बरोबर मिळाला. म्हणून सांगते, खोक्यावर विश्वास ठेवू नका, बॉलवर छापलेला आकडा बघा आणि शिवणकामाचा टेप सोबत न्या. आमच्या बॉलचा घेर साडेबहात्तर सेंटीमीटर भरला, म्हणजे साडेअठ्ठावीस इंच. जुन्या सात नंबरचा घेर पंचाहत्तर सेंटीमीटर. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही ठेवले तर साठेक ग्रॅमचा फरक. एक इंच आणि साठ ग्रॅम, ऐकायला काहीच वाटत नाही. रिंग तर मुलांना आणि मुलींना सारख्याच उंचीवर, 3.05 मीटर.

त्या एका इंचाने आमच्या टीममधला सगळ्यात जुना वाद उलटा केला. आमच्या टीममध्ये भारी कोण?

जूनपर्यंत उत्तर एकच होतं. रावेरची. (मुलींची नावं लिहीत नाही, आम्ही एकमेकींना गावावरूनच हाक मारतो.) उंचीला पाच फूट नऊ, केळीच्या मळ्यात वाढलेली, खांदे भक्कम. सात नंबरचा बॉल तिच्या तळव्यात आरामात राहायचा. रिंगखाली बॉल गेला की पॉइंट ठरलेलाच. जड बॉल लांबून टाकायला बाकीच्यांना दोन्ही हात लावावे लागायचे, छातीपासून ढकलावा लागायचा, आणि ढकललेला बॉल सपाट जातो, रिंगच्या कडेला लागून बाहेर. मग काय, सगळा खेळ एकच, बॉल रावेरचीकडे द्या आणि बघत उभ्या राहा.

पारोळ्याची तेव्हाही टीममध्ये होती. पाच फूट एक इंच. बदली म्हणून बाकावर. बॉल तिच्या हातून सटकायचा, तिचे पास अडवले जायचे, आणि सगळे म्हणायचे, पळते चांगली पण हात लहान आहेत.

नवा बॉल आला त्या संध्याकाळी ती तो घेऊन कोर्टच्या कोपऱ्यात गेली. मी स्कोअरच्या टेबलावर होते, तिच्याकडेच बघत होते. आधी दोन्ही हातांत फिरवला. मग उजव्या हाताची बोटं खाचांवर पसरली, डावा हात काढून घेतला आणि बॉल उलटा करून बघितला, पडतो का. पडला नाही. दोन सेकंद तरी तसाच राहिला. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, हाऊ बॉल मन्हा हातमा बठस." म्हणजे, हा बॉल माझ्या हातात बसतो. मग ड्रिबल करत निघाली आणि पळता पळता, बॉल दोन्ही हातांत न घेता, उजव्या हातानेच जमिनीवर आपटून पास दिला. तीन वर्षांत तिला असा पास देताना मी पाहिलं नव्हतं. तिला येत नव्हता असं नाही. तो पास तिच्या डोक्यात होताच, मोठा बॉल तो हातातून निघू देत नव्हता.

मला त्या रात्री झोप लागली नाही. आमच्या वेळी अमळनेरची एक मुलगी होती. कोण कुठे मोकळी आहे हे तिला आमच्या सगळ्यांच्या आधी दिसायचं. ती "पुढे, पुढे" ओरडायची, आणि तिथे खरंच जागा असायची. पण तिचे स्वतःचे पास पोचायचे नाहीत. बॉल दोन्ही हातांत धरून छातीशी आणेपर्यंत समोरची मुलगी आडवी यायची. "हिला बॉल धरताच येत नाही," असं आम्ही सगळ्या म्हणायचो. मीही म्हणायचे, तिच्या तोंडावर. दुसऱ्या वर्षी तिने खेळ सोडला. अमेरिकेतल्या कॉलेजांत मुलींना लहान बॉल 1984-85 च्या हंगामापासून मिळाला होता. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने, आंतरराष्ट्रीय सामन्यांत बायकांसाठी सहा नंबर केला 2004 साली, आम्ही बाहेर पडल्यावर दोन वर्षांनी. म्हणजे आम्ही तिला जे म्हणत होतो ते चूक होतं. मला हे पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, साडेआठशे रुपयांच्या बॉलमुळे कळलं.

आता बॉलबद्दल.

पकड उत्तम. खाचा खोल आहेत, बोटाच्या टोकाला नीट सापडतात. पहिले पंधरा दिवस रबराचा वास येतो आणि हाताला काळं लागतं, नंतर जातं. उसळी एकसारखी आहे, कुठल्याही बाजूने आपटा. स्वस्त बॉलमध्ये व्हॉल्व्हच्या बाजूने वेगळी उसळी येते, ते इथे नाही. शॉट शिकवायला तर फारच सोपा गेला. सात नंबरवर मुलींची कोपरं बाहेर निघायची, कारण जोर खांद्यातून आणावा लागायचा. सहावर कोपर आपोआप बॉलखाली आलं, मनगट वळायला लागलं आणि बॉल वरून कमान घेऊन जाळीत उतरायला लागला. हे मी कोणालाच सांगितलं नाही, तीन आठवड्यांत त्यांचं त्यांनाच जमलं. पारोळ्याची जूनमध्ये पन्नास फ्री थ्रोपैकी (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) एकोणीस टाकत होती, ऑगस्टअखेर एकतीस. रावेरचीचेही वाढले, हे मुद्दाम सांगते. लहान बॉल फक्त लहान हातांसाठी, असं नाही.

तक्रारी आहेत. आमच्या कोर्टच्या दोन बाजूंना काळी माती. पाऊस उघडला की मुलींच्या बुटांबरोबर ती सिमेंटवर येते, वाळून धूळ होते आणि खाचांत बसते. रोज ओल्या फडक्याने पुसला नाही तर बॉल साबणासारखा घसरतो. ऑक्टोबरच्या उन्हात भिंतीशी ठेवलेला बॉल दुपारी टणक होतो, नको तेवढा उडतो. बॉलवर हवेचं माप छापलेलं असतं, 7 ते 9 पौंड. आम्ही सातच ठेवतो, उन्हाने तो आपोआप वर जातो. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा काय होईल ते बघायचंय. आणि हवा भरताना सुईला ग्लिसरीन लावा, कोरडी सुई घुसवली की व्हॉल्व्ह गेलाच. आकड्याची छपाई तिसऱ्याच महिन्यात पुसली गेली, म्हणून मी मार्करने परत 6 लिहिलाय, मुलांच्या पिशवीत जाऊ नये म्हणून. लाकडी कोर्ट असेल त्यांनी रबरी घेऊ नये, कंपोझिट लेदरचा घ्यावा. सिमेंटवर मात्र लेदरचं साल दोन महिन्यांत निघतं, तिथे रबरच.

वादाचं सांगायचं राहिलं, आणि खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले.

सप्टेंबरच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही उपांत्य सामन्यापर्यंत गेलो आणि दोन पॉइंटने हरलो. स्कोअरशीट बघितली तर रावेरचीच सगळ्यात पुढे. पण स्कोअरशीटवर असतं काय? पॉइंट, फाउल, टाइमआउट. पास कोणी दिला, रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) कोणी ओढला, बॉल कोणी हरवला, याला त्यात जागाच नाही. म्हणून मी दोनशे पानी वहीत वेगळे रकाने आखलेत. त्या सामन्यात रावेरचीच्या नऊ बास्केटपैकी सहा पारोळ्याचीच्या पासवर आहेत. एक तर मी विसरणार नाही. डावीकडून ती आत घुसली, दोघी तिच्यावर आल्या, तिने वरही न बघता त्या दोघींच्या मधून एका हाताने बॉल जमिनीवर आपटला, आणि रावेरची बेसलाइनवर, म्हणजे रिंगमागच्या रेघेवर, जिथे पोचणार होती तिथे तो तिच्या आधी पोचला.

परवाच्या रविवारी रावेरचीच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली बामणोदची वांगी, बडजीत ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, कांद्याची पात, कळण्याच्या पुऱ्या. पहिली पुरी तोंडात जायच्या आत वाद सुरू. एकीने मोबाईलवर अमेरिकेची खेळाडू केटलिन क्लार्क काढली. आयोवाच्या कॉलेजसाठी 3951 पॉइंट, तिकडच्या कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या गटात (एनसीएए डिव्हिजन वन) मुलामुलींत कोणीच एवढे केलेले नाहीत. पॉइंट करते तीच भारी, झाला निकाल. मी म्हटलं, त्याच क्लार्कची कॉलेजची शेवटची मॅच बघा, 2024 ची फायनल. तिने 30 पॉइंट केले आणि साउथ कॅरोलायनाने 87-75 ने सामना घेतला. फायनल फोरची, म्हणजे शेवटच्या चार टीमच्या फेरीची, सर्वोत्तम खेळाडू कोण ठरली? कामिला कार्डोसो. पॉइंट पंधराच, पण रिबाउंड सतरा. आणि क्लार्क नुसते पॉइंट करणारी नव्हती, पासही तितकेच देणारी होती, ते मोबाईलवरच्या तुकड्यांत दाखवत नाहीत.

रावेरची वांगी उलटी करत होती. तिला हे पटलं नाही, आणि तिने ते लपवलं नाही. "ताई, पास बरोबर आला तरी टाकायचा मलाच ना? दोघी अंगावर घेऊन? कोपराचा मार मी खाल्लाय." बाही वर करून तिने निळा डाग दाखवला. ती खोटं बोलत नव्हती. तिच्याशिवाय ते सहा पास हवेत गेले असते.

साक्रीचीचं नाव कोणीच घेतलं नाही. ती समोरच्या टीमच्या सगळ्यात चांगल्या मुलीला धरते, पूर्ण सामना, आणि त्या मुलीला बॉलच मिळू देत नाही. जे घडलंच नाही ते मोजायला माझ्या वहीतही रकाना नाही. या वेळी आखते.

पण मला विचाराल तर पारोळ्याची. रावेरची सात नंबरवरही चांगली होती आणि सहावर आणखी चांगली झाली. पारोळ्याचीमुळे मात्र बाकीच्या चौघी चांगल्या झाल्या. पूर्वी बॉल रावेरचीकडे देऊन उभ्या राहणाऱ्या मुली आता पळतात, कारण पळालं की बॉल येतो हे त्यांना माहीत झालंय. भडगावची, जिने मागच्या वर्षी पूर्ण हंगामात मोजून चार शॉट घेतले होते, ती उपांत्य सामन्यात आठ पॉइंट करून गेली. हे मी रावेरचीला तिच्याच मळ्यात, तिच्याच हातचं भरीत खात सांगितलं. ती म्हणाली, पुढच्या वर्षी बघू.

बॉल घ्यावा का? घ्या. एक नाही, दोन घ्या. बारा जणींत एक बॉल म्हणजे अर्धा वेळ रांगेत जातो. सरांनी कॉलेजकडे मागणी दिली आहे, पण मुली थांबल्या नाहीत. प्रत्येकीने सत्तर-पंचाहत्तर रुपये काढलेत, कमी पडले तर माझे. सोमवारी पतपेढी सुटली की नवी पेठेत जाणार आहे. टेप घेतलाय. पारोळ्याचीलाही सोबत नेतेय. बॉल खोक्यातून निघाला की आधी तिच्या हातात द्यायचा, तिने एका हाताने उलटा धरून बघायचा, आणि मगच पैसे.