कुरकुमीन कॅप्सूल: उन्हाळ्यात ठीक, पावसाळ्यात एकच गोळा

गुडघा थोडा हलका झालाय, हे आधीच सांगतो. पण आज लिहायला बसलोय ते कुरकुमीनची, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या अर्काची, बाटली उपडी केली तरी कॅप्सूल पडेना म्हणून. आषाढ संपायच्या आत सगळ्या एकमेकींना चिकटून पिवळाधमक गोळा झाला. चमच्याच्या दांड्यानं टोचलं तर एक फुटली, आणि ओट्यावरचा डाग काही केल्या निघेना.

कस्टमर केअरची बाई गोड बोलली. "सर, कोरड्या जागी ठेवा." जुलैत सांगलीत कोरडी जागा कुठली काढू? वर बाटली उघडतानाचा व्हिडिओ मागितला. मी काय बाटलीचं बारसं करतोय? सिलिका जेलची पुडी म्हणाल तर नखाएवढी. आपल्या हरिपूरच्या पेवांत हळद जमिनीखाली वर्षानुवर्षं टिकायची, २००५ च्या महापुरानं त्यांची वाट लावेपर्यंत. आणि ही नऊशे रुपयांची बाटली एका पावसाळ्यात गारद.

मेडिकलवाल्यानं कारण सांगितलं: टरफल जिलेटिनचं, हवेतली ओल धरतं. लेबल फिरवलं तर तपकिरी खूण. आम्ही खाणारे, पण आईला कळलं असतं तर सोमवारी घर डोक्यावर घेतलं असतं. दुसरी बाटली हिरव्या टिंबाची आणली, वनस्पतीच्या टरफलाची. तीच हवा, तेच कपाट, एकही चिकटली नाही. तेव्हा एक तारा वाढवतोय.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि आपण हळदीचा अर्क कुरिअरनं मागवायचा, यावर मी बरेच दिवस चरफडत होतो. मग हिशेब केला. हळदीत कुरकुमीन साधारण तीन टक्के. ५०० मिलिग्रॅमच्या एका कॅप्सूलइतकं हवं तर रोज सोळा-सतरा ग्रॅम हळद खावी लागेल. आमटीत पडते चिमूटभर. शिवाय नुसतं कुरकुमीन अंगी फार कमी लागतं. मिरीतल्या पायपरीनसोबत रक्तातलं प्रमाण वीसपट होतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं. म्हणून लेबलवर मिरीचा अर्क असेल तरच घ्या. मात्र सौ.ला रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, तिला मिरजेच्या डॉक्टरांनी साफ मनाई केली. तुमच्या घरी तसं कुणी असेल तर आधी विचारा.

आता गुडघ्याचं. बाटली सुरू केली त्याच सुमारास आमराईत फिरायलाही लागलो आणि रात्रीचं भडंग बंद केलं. गुण कशाचा, सांगता येत नाही. आमराईत फेऱ्या मारणारे आम्ही सगळे एकाच साच्यातले: निवृत्त, पेन्शनवाले, विडी-काडी नाही, ताटात काकडी. प्रत्येकाच्या खिशात कसली ना कसली गोळी, कुणाची ओमेगा, कुणाची डी-थ्री. अमेरिकेतल्या पाहण्यांतही हेच दिसतं: वयस्कर, शिकलेले, व्यायाम करणारे आणि सिगारेट न ओढणारेच सप्लिमेंट जास्त घेतात. मार्केट यार्डात हळदीची पोती पाठीवर वाहणाऱ्या हमालांचे गुडघे आमच्यापेक्षा दहापट झिजत असतील. त्यांच्याकडे मी अशी बाटली कधी पाहिली नाही. नऊशे रुपये म्हणजे त्यांचा घरातला किराणा.

पुढची घेणार का? दिवाळीच्या सेलमध्ये पाचशेच्या आत आली तर, आणि तीही हिरव्या टिंबाचीच. पहिल्या बाटलीचे पैसे अजून आलेले नाहीत.