कर्ज कमी बसतंय? मुदत वाढवावी की सहकर्जदार घ्यावा

फ्लॅट पसंत पडतो आणि बँक सांगते, तुमच्या पगारात एवढं कर्ज बसत नाही. आमच्या अर्जावर अधिकाऱ्याने मंजूर होणाऱ्या रकमेभोवती पेन्सिलीने गोल केला होता. आकडा बघून पोटात गोळा आला.

तेव्हा पहिला सल्ला मिळतो तो मुदत वाढवण्याचा. हिशोब करून बघा. ९ टक्के व्याजाने १ लाखाचा हप्ता २० वर्षांसाठी सुमारे ९०० आणि ३० वर्षांसाठी ८०५. म्हणजे त्याच हप्त्यात कर्ज जेमतेम १२ टक्के जास्त मिळतं. व्याज मात्र दर लाखामागे १.१६ लाखांवरून १.९० लाखांवर जातं. शिवाय निवृत्तीचं वय जवळ असेल तर बँक एवढी मुदत देतच नाही.

सहकर्जदार घेतला की दोघांचं उत्पन्न धरलं जातं, रक्कम बरीच वाढते. पण त्याचे चालू हप्तेही मोजले जातात, आणि हप्ता थकला तर पूर्ण कर्जाची जबाबदारी दोघांवर येते. नुसतं कर्जावर नाव असलं म्हणून घराची मालकी मिळत नाही, हे त्याला सहीआधी स्पष्ट सांगा.

जोडीदार कमावता असेल, तर मी त्यालाच सहकर्जदार करून घेईन. भावाला किंवा मित्राला मात्र यात ओढणार नाही. उद्या त्यालाही स्वतःचं घर घ्यायचं असेल.