इफच्या अटीला एकेरी कंस की दुहेरी?

शेल स्क्रिप्टमध्ये (कमांड्स ओळीने लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये) इफची अट [ ] मध्ये लिहायची की [[ ]] मध्ये, हे ठरवताना बहुतेक जण कुठलं जास्त ठिकाणी चालतं ते पाहतात. मी आधी चूक झाल्यावर दोन्ही कसे वागतात ते पाहतो.

एकेरी कंस ही शेलच्या लेखी साधी कमांड, आणि बंद होणारा कंस तिचा शेवटचा आर्ग्युमेंट, म्हणजे तिला दिलेला शब्द. तो विसरलात तरी 'बॅश -एन' (बॅश या शेलची, स्क्रिप्ट न चालवता तिचं व्याकरण तपासणारी कमांड) गप्प राहतं. तक्रार येते ती स्क्रिप्ट त्या ओळीवर पोचल्यावर. दुहेरी कंस बॅशच्या व्याकरणातलाच, त्यामुळे हीच चूक स्क्रिप्ट न चालवताच सापडते. कंसानंतरची मोकळी जागा मात्र दोन्हींना लागते.

माझा निर्णय झाला तो रिकाम्या किमतीमुळे. म्हापशातल्या एका कार्यालयात रात्रीच्या बॅकअपची जुनी स्क्रिप्ट मी सांभाळायला घेतली. पावसात वीज ये-जा करते, म्हणून ती आधी यूपीएसची स्थिती विचारायची. अट अशी: [ $1 != ठीक ] असेल, म्हणजे यूपीएसचं उत्तर ($1) 'ठीक' नसेल, तर थांब, नाहीतर (एल्स) कॉपी सुरू कर. एका रात्री यूपीएसकडून उत्तरच आलं नाही. उरलं [ != ठीक ]. लॉगमध्ये 'युनरी ऑपरेटर एक्स्पेक्टेड' असं उमटलं, कमांडने 2 (म्हणजे चूक झाली) परत केला, इफने तो 'खोटं' म्हणून घेतला आणि एल्समधली कॉपी बॅटरीवर सुरू झाली. एरर येऊनही स्क्रिप्ट थांबत नाही, उलट दुसऱ्या वाटेला लागते, हे मला फार खटकतं. दुहेरी कंसात रिकामी किंमतही किंमतच असते. अट खरी ठरून स्क्रिप्ट थांबली असती.

"$1" असं अवतरणात लिहिलं तर एकेरीही नीट चालतो, हे खरं. पण ते दर वेळी आठवावं लागतं. गावांच्या यादीत 'सांता क्रूझ' आलं, की अवतरणाविना त्याचे दोन शब्द होतात आणि 'टू मेनी आर्ग्युमेंट्स' समोर येतं. शेलचेक हे स्क्रिप्ट तपासणारं साधन अशा जागा दाखवतं, जरूर वापरा.

दुहेरीतही जपावं लागतं. तिथे > अक्षरक्रमाने तुलना करतं, म्हणून 10 हा 9 पेक्षा लहान ठरतो. आकड्यांसाठी -जीटी ('पेक्षा मोठा') घ्या. एकेरीत तर तेच > पुढच्या आकड्याच्या नावाची फाइल तयार करतं.

स्क्रिप्ट कोणत्या शेलने चालवायची ते पहिली ओळ सांगते; तिच्यात एसएच असेल तर एकेरीच बरा. उबुंटूत 6.10 पासून एसएच म्हणजे डॅश नावाचा वेगळा शेल, त्याला [[ ठाऊक नाही. 'नॉट फाउंड' म्हणून तोही एल्सकडेच जातो. बॅश हाताशी असेल, तर मी तरी आधी ती पहिली ओळ बॅशची करीन आणि मग दुहेरी कंस लिहीन.